कंसातली नावं

मामाची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीच्या आत खोल्या खाली करायच्या आहेत, त्यामुळे गेले तीन रविवार मी तिकडेच असते. माळ्यावरून काय काय निघालं, आजीचा पाटा-वरवंटा, पितळी समई, कंदिलाच्या दोन काचा, पण सगळ्यात मागे चादरीत गुंडाळलेला रेकॉर्डींचा खोका होता, तो खाली उतरवला आणि माझं आवरणं तिथेच थांबलं. मामी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा त्यावर साय धरली.

मामा वागळे इस्टेटला एका मशीन शॉपमध्ये होता, बत्तीस वर्षं, आणि पहिल्या पगारापासून त्याला एकच नाद, शनिवारी हाफ डे सुटला की लोकल पकडून व्हीटी गाठायची आणि फोर्टच्या फुटपाथवर सेकंडहँड रेकॉर्डी चाळत बसायचं. त्यामुळे त्याच्या खोक्यात भीमसेन जोशींच्या शेजारी बीटल्स, सी. रामचंद्रांच्या शेजारी रोलिंग स्टोन्स, असा सगळा संसार एकत्र. आता वय झालं, अठ्ठ्याहत्तर, रॉक वगैरे मागे पडलं, दर गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवतो. पण खोका उघडल्यावर पहिली रेकॉर्ड त्यानेच बाहेर काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझी," म्हणाला.

ती म्हणजे बीटल्सचा दुसरा एलपी, नोव्हेंबर १९६३ चा, कव्हरवर चौघांचे अर्धे उजेडात अर्धे अंधारात असे चेहरे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी या घरी यायचे तेव्हा मामा रेकॉर्ड लावायचा आणि मी जमिनीवर पालथी पडून मधलं लेबल बघत राहायचे. फिरताना काही वाचता येत नाही, बाजू संपून थाळी थांबली की मगच, ते पण मान वाकडी करून. मधोमध भोक, काळा कागद, त्यावर बारीक अक्षरं, गाण्याचं नाव आणि पुढे कंसात अजून एक नाव. बहुतेक ठिकाणी लेनन-मॅकार्टनी, ते मला माहीत होते. पण मधेच कंसात बेरी. मधेच रॉबिन्सन. मधेच ब्रॅडफर्ड-गॉर्डी. मी मामाला विचारलं हे कोण, कव्हरवर तर चारच जण आहेत, तर तो म्हणाला ते अमेरिकेतले काळे लोक, गाणं मूळ त्यांचं, हे लोक त्यांचं गातात. एवढंच. त्यालाही पुढचं माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला तेव्हा काही साधनही नव्हतं. पण ते "मूळ त्यांचं" माझ्या डोक्यात जे बसलं ते आजपर्यंत.

त्या एलपीवर १४ गाणी आहेत, ८ त्यांची स्वतःची, ६ दुसऱ्यांची, आणि त्या ६ मधली ५ आधी ब्लॅक कलाकारांनी गायलेली. पाचातली ३ तर एकाच कंपनीची, डेट्रॉइटच्या मोटाऊनची. पोस्टमनचं गाणं मार्व्हलेट्सचं, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुलींचं, १९६१ साली ते अमेरिकेत एक नंबरला गेलं, मोटाऊनचं पॉप चार्टवरचं पहिलं एक नंबर गाणं तेच. शाळेतल्या मुली हो, आणि दोन वर्षांत त्यांचं गाणं लिव्हरपूलची चार पोरं लंडनला बसून रेकॉर्ड करतायत. कंसातला रॉबिन्सन म्हणजे स्मोकी रॉबिन्सन, त्याच्या मिरॅकल्सचं गाणं. लेनन ते गाताना जीव तोडून गातो, घशाच्या शिरा दिसतील असं, आणि मग तुम्ही स्मोकीचं ऐका, तो काहीच तोडत नाही, नुसता आवाज सोडून देतो आणि तरी तुमच्या पोटात कालवतं. माझ्यासाठी स्मोकीचंच गाणं वरचं आहे, बीटल्सवर माझं कितीही प्रेम असलं तरी.

आणि शेवटचं गाणं, पैशाचं. ते आधी गायलं होतं बॅरेट स्ट्राँगने, १९५९ मध्ये, मोटाऊनचं सगळ्यात सुरुवातीचं हिट. कंसात नाव जेनी ब्रॅडफर्ड आणि मोटाऊनचा मालक बेरी गॉर्डी यांचं, स्ट्राँगचं नाही. तो आयुष्यभर सांगत राहिला की पियानोवरची ती मूळ धून माझी, गाणं लिहिण्यात मी होतो, आणि सुरुवातीच्या कॉपीराइटच्या कागदांवर त्याचं नाव होतं पण, ते नंतर काढलं गेलं, कंपनीचं म्हणणं ती कारकुनी चूक होती. २०२३ मध्ये तो गेला. हे मी मुद्दाम सांगतेय कारण गोऱ्यांनी घेतलं आणि काळ्यांचं गेलं एवढं सरळ प्रकरण हे कधीच नव्हतं, मोटाऊन ब्लॅक माणसाची कंपनी होती आणि तिथेही माणसाचं नाव कंसातून पडलंच. कंसात असणं हीसुद्धा सगळ्यांच्या नशिबात नसलेली गोष्ट.

बीटल्सचा पहिला एलपी मामाकडे नव्हता, तो मी नंतर ऐकला. ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात त्यांनी १० गाणी रेकॉर्ड केली, लेननला सर्दी झालेली, आणि घसा पार बसल्यावर सगळ्यात शेवटी जे गायलं ते जगभर गाजलेलं ट्विस्टचं गाणं. ते आयझ्ली ब्रदर्सच्या आदल्या वर्षीच्या रेकॉर्डवरून उचललेलं, ते चढत जाणारे आऽ आऽ आऽ सुद्धा. पॉल मॅकार्टनी जी उंच वूऽऽ करतो ती लिटल रिचर्डची. १९६२ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये ते लिटल रिचर्डबरोबर एकाच प्रोग्रॅमला होते, त्याच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायला १६ वर्षांचा एक मुलगा होता, बिली प्रेस्टन. त्या मुलाची आणि यांची तिथे दोस्ती झाली. पुढे १९६९ मध्ये बीटल्स आपापसात भांडून मोडायला आलेले असताना हाच बिली स्टुडिओत आला, पियानोला बसला, आणि सगळ्यांची वागणूकच बदलली, घरात पाहुणा आला की जसं होतं तसं. त्या वर्षी एप्रिलमध्ये जी सिंगल आली तिच्यावर बीटल्सच्या नावाला जोडून बिली प्रेस्टन असं छापलं. कंसात नाही, वर, बँडच्या नावाच्या ओळीत. मला ते लेबल बघून फार बरं वाटतं.

लिव्हरपूल हे बंदर. बंदर म्हटलं की आफ्रिकेतले, वेस्ट इंडीजमधले खलाशी आले, त्यांची वस्ती आली, त्यांचे क्लब आले. तिथे लॉर्ड वुडबाइन नावाचा त्रिनिदादचा माणूस होता, खरं नाव हॅरॉल्ड फिलिप्स, १९४८ च्या जूनमध्ये जे विंडरश जहाज वेस्ट इंडीजची माणसं घेऊन इंग्लंडला आलं त्यातूनच आलेला. तो कॅलिप्सो गायचा, स्टीलपॅन वाजवायचा, क्लब चालवायचा, आणि हे बीटल्स तेव्हा कोणी नव्हते, त्याच्या मागे मागे असायचे, लोक त्यांना वुडबाइनची पोरं म्हणायचे. ऑगस्ट १९६० मध्ये ते पहिल्यांदा हॅम्बुर्गला व्हॅनमधून गेले तेव्हा व्हॅनमध्ये वुडबाइन होता. बीटल्सच्या गोष्टीत हा माणूस कितीजणांना माहितीये? मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि खरं सांगते, मला राग आला, कारण मी यांच्यावर दहावीपासून वाचतेय.

आता स्टोन्स. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची कारण ती रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर घडते आणि आमचं ठाणेकरांचं अर्धं आयुष्य प्लॅटफॉर्मवरच जातं. ऑक्टोबर १९६१, लंडनजवळचं डार्टफर्ड स्टेशन, सकाळची वेळ. कीथ रिचर्ड्स आर्ट कॉलेजला चाललाय, मिक जॅगर लंडनला कॉलेजला, दोघं लहानपणी एका शाळेत होते पण मधे काही संबंध नाही. मिकच्या काखेत रेकॉर्डी, एक चक बेरीची (मामाच्या लेबलवरच्या कंसातला बेरी तोच), एक मडी वॉटर्सची, तो ब्लूज गाणारा, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःखाचं, कष्टाचं गाणं, शिकागोच्या चेस रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहून, पोस्टाने मागवलेल्या. कीथची नजर त्या कव्हरवर गेली. बस. पुढच्या वर्षी बँड झाला आणि बँडला नाव दिलं ते मडी वॉटर्सच्या १९५० च्या एका गाण्यावरून. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या इंग्लिश रॉक बँडची पाटीच मडी वॉटर्सची आहे. पिंक फ्लॉइडचंही तेच, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल हे दोन जुने ब्लूज गाणारे, कॅरोलायनाचे, त्या दोघांच्या नावांचे अर्धे अर्धे तुकडे. टी-शर्टवर ते नाव घालून विवियाना मॉलमध्ये फिरणारी कितीतरी पोरं मी बघते, त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं.

स्टोन्सबद्दल मी एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने लिहीन. त्यांनी नावं घेतली. सुरुवातीपासून, कोणी मुलाखत घेतली की मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, जिमी रीड. १९६४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं कोंबड्याचं ते संथ ब्लूज गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, लिहिलेलं विली डिक्सनने, आधी गायलेलं हाउलिन वुल्फने. आणि मे १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही शोने त्यांना बोलावलं तर ते वुल्फला बरोबर घेऊनच गेले. वुल्फ पन्नाशी ओलांडलेला, धिप्पाड, सूट घातलेला माणूस, अमेरिकेच्या टीव्हीवर असा कधी न दिसलेला, आणि तो गातोय आणि स्टोन्स खाली त्याच्या पायाशी बसून ऐकतायत. बघा कुठे मिळाला व्हिडिओ तर. गोऱ्या अमेरिकन मुलांना त्यांच्याच देशातला माणूस दाखवायला इंग्लंडहून पोरं यावी लागली.

पण याच्याही आधी ही माणसं स्वतः इंग्लंडला येऊन गेली होती. नुसत्या रेकॉर्डी आल्या असं नाही. बिग बिल ब्रून्झी १९५१ ला, सिस्टर रोझेटा थार्प १९५७ ला, मडी वॉटर्स १९५८ ला, तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तर तिथल्या लोकांना धक्का बसला, त्यांना वाटलेलं ब्लूज म्हणजे शेतातला माणूस साध्या गिटारवर गाणार. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला अमेरिकन ब्लूज कलाकारांचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा जॅगर, रिचर्ड्स, स्टोन्सचाच ब्रायन जोन्स, पुढे लेड झेपेलिन काढणारा जिमी पेज लंडनहून एवढा रस्ता तुडवत ऐकायला गेले होते. एका हॉलमध्ये बसलेले हे अठरा-वीस वर्षांचे पोरगे, आणि पुढची दहा वर्षं जगाने जे ऐकलं ते तिथल्या खुर्च्यांवरून उठून आलंय.

सिस्टर रोझेटाबद्दल थांबून लिहिलंच पाहिजे, मला त्याशिवाय चैन पडणार नाही. ७ मे १९६४, मँचेस्टरमधलं विल्ब्रॅहम रोड नावाचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनाडा टीव्हीने ते सजवलं, अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या स्टेशनसारखं, पोती, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, खोकी. एका प्लॅटफॉर्मवर प्रेक्षक, मधे रूळ, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर कलाकार. आणि पाऊस. तो आपला जुलैतला नाही, तिकडचा बारीक थंड पाऊस, पण पाऊसच. घोडागाडीतून एक ४९ वर्षांची बाई उतरते, अंगात चांगला कोट, पायात हिलच्या चपला, एकजण हात धरून तिला ओल्या प्लॅटफॉर्मवरून नेतोय, वाटतं ही आता चर्चमध्ये जाऊन बसेल. ती गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि पावसाचं गाणं सुरू करते, नोहाच्या काळातल्या प्रलयाचं, कारण समोर पाऊस पडतोय. आणि मधेच गाणं सोडून जी गिटार वाजवते ना, ती बोटं, तो सरळ, धारदार, जरा उद्धट आवाज, ते ऐकल्यावर रॉक अँड रोल कोणी शोधलं हा वाद मला पोरकट वाटायला लागतो. तिच्या १९४४ च्या रेकॉर्डवर हे सगळं आहे, एल्व्हिस तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मी तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तो ठाणे स्टेशनवरच, जुलैत, गाड्या बंद, रुळांवर पाणी, सहा नंबरवर आम्ही सगळे अडकलेलो, छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या पायावर. शेजारच्या बाईने मान वाकवून विचारलं काय बघताय, मी एक इयरफोन तिला दिला. तिने पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, "ह्या कोण? ह्यांचं नाव काय?"

रोझेटा १९७३ मध्ये फिलाडेल्फियात गेली आणि कितीतरी वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

दुसरं नाव मेरी क्लेटन. स्टोन्सचं १९६९ चं ते वादळाचं, आसऱ्याचं गाणं सगळ्यांना माहितीये. लॉस एंजलिसला रात्री उशिरा हिला गायला ये म्हणून फोन गेला, गरोदर होती, केसांना कर्लर लावून झोपायच्या तयारीत, तशीच उठून आली. मधल्या ओळी ती एकटी गाते, दोनदा, तीनदा, आणि सगळ्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो. लक्ष देऊन ऐकलं तर मागे जॅगर ओरडलेला ऐकू येतो, त्यालाच राहवलं नाही. त्यानंतर तिचं पोटातलं मूल गेलं. त्या गाण्याला जे काय आहे ते त्या फाटलेल्या आवाजात आहे, मी कितीदा लोकलमध्ये मुलुंड-भांडुपच्या मधे ते ऐकत असते आणि त्या जागेला दरवेळी काटा येतो. आणि त्या एलपीच्या मूळ कव्हरवर तिचं नाव चुकीच्या स्पेलिंगने छापलं होतं.

लेड झेपेलिनवर मला फार लिहायचं नाही, बँड म्हणून मला ते आवडतात, पण नावांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते बरोबर नव्हतं. १९६९ चं त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रेमाचं गाणं, त्यातले शब्द विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या गाण्यातून आलेले, कंसात मात्र फक्त बँडच्या लोकांची नावं. डिक्सनने १९८५ मध्ये केस केली, १९८७ मध्ये बाहेरच्या बाहेर सेटलमेंट झाली, मग त्याचं नाव लागलं. म्हणजे अठरा वर्षं. हा तोच डिक्सन बरं का, कोंबड्याच्या गाण्यावाला. त्याने ब्लूज हेवन नावाची संस्थाच काढली, म्हाताऱ्या झालेल्या कलाकारांना त्यांचे हक्काचे पैसे मिळावेत म्हणून, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने १९९३ मध्ये शिकागोतली चेस कंपनीची जुनी इमारत संस्थेसाठी घेतली. झेपेलिनच्याच १९७१ च्या एलपीवर, धरण फुटण्याच्या गाण्याला मेंफिस मिनीचं नाव मात्र नीट दिलंय, तिने ते १९२९ मध्ये नवऱ्याबरोबर रेकॉर्ड केलं होतं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. म्हणजे नाव द्यायचं तर देता येतं.

हे आपल्याकडे झालं नाही असं मात्र कोणी म्हणू नये. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा ब्लॅक अमेरिकन जॅझ बँड मुंबईला ताजमध्ये येऊन वाजवत होता, त्यांच्यामागून अजून आले, टेडी वेदरफर्ड आला, आणि ते ऐकून आपल्याकडचे गोव्याचे वाजवणारे तयार झाले. त्यातला चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला, लुई आर्मस्ट्राँगचा भक्त, तो सी. रामचंद्रांकडे होता. मामा अलबेलामधली गाणी अजून पेटीवर वाजवतो, शिट्टीसकट. त्या काळच्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर संगीतकाराचं नाव यायचं, गायकाचं यायचं, अरेंजमेंट ज्यांनी रात्र रात्र जागून लिहिली त्या गोव्याच्या लोकांसाठी कंसही नसायचा. आणि आपल्या लोकगीतांच्या कॅसेटवर सर्रास काय लिहिलेलं असतं, गीत पारंपरिक. कोणीतरी बाईने जात्यावर बसून ते पहिल्यांदा म्हटलेलं असणारच ना.

पुढच्या काळाचं भराभर सांगते. जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेत कोणी विचारत नव्हतं, सप्टेंबर १९६६ मध्ये ॲनिमल्स बँडचा चॅस चँडलर त्याला लंडनला घेऊन आला आणि आठवडाभरात तिथले सगळे गिटारवाले हादरले. जमैकाची मिली स्मॉल १९६४ मध्ये लॉलीपॉपचं गाणं गाऊन दोन नंबरपर्यंत गेली, रेगेच्या आधीचा तो उडता ठेका ब्रिटनच्या घराघरात तिने नेला. १९७९ ला कव्हेंट्रीच्या स्पेशल्सनी, काळे-गोरे एकाच बँडमध्ये, जमैकाचं १९६७ चं रूडीचं गाणं पुन्हा केलं आणि त्यात ट्रॉम्बोन वाजवायला रिको रॉड्रिग्जला बोलावलं, ज्याने मूळ रेकॉर्डवरही तो वाजवला होता, आणि लेबलवर रिकोचं नाव वर छापलं. मला अशा गोष्टी साठवून ठेवाव्याशा वाटतात. आणि आपला फ्रेडी मर्क्युरी, फारुख बलसारा, तो तर पाचगणीला सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये होता, १९५८ च्या सुमाराला शाळेतल्या पोरांचा बँड काढून पियानोवर लिटल रिचर्ड वाजवायचा. पाचगणीच्या धुक्यात लिटल रिचर्ड! पुढे १९८० मध्ये त्याच्या क्वीन बँडचं धूळ चाटण्याचं ते गाणं आलं, त्यातली बेसची चाल बँडमधल्या जॉन डीकनला सुचली ती शिक नावाच्या अमेरिकन बँडमधल्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या १९७९ च्या बेसवरून.

एरिक क्लॅप्टनचं मला जड जातं. या माणसाने उभं आयुष्य ब्लूज वाजवला, १९७४ मध्ये बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत एक नंबरला गेला, आणि १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून दारूच्या नशेत परदेशी आणि काळ्या लोकांना देशाबाहेर घालवा असं बोलला. नंतर त्याने लाज वाटते असं सांगितलंय. पण त्या बोलण्यामुळे तिकडे रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली, एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात क्लॅश हा गोऱ्यांचा आणि स्टील पल्स हा काळ्यांचा बँड एकाच स्टेजवर वाजले. मामाला हे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण त्याने क्लॅप्टनच्या क्रीम या बँडचा एलपी खोक्यात खाली ठेवला, तो या रविवारी निघाला.

तर या रविवारचं सांगते. रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा कधीच तुटलाय, त्यामुळे फोनवर लावलं, मामीच्या स्टीलच्या पातेल्यात फोन उभा करून, आवाज घुमतो म्हणून. मी म्हटलं तुझं ते क्रीमचं चौरस्त्याचं गाणं आहे ना, त्याचं मूळ ऐकलंयस का कधी. नव्हतं ऐकलं. रॉबर्ट जॉन्सन, नोव्हेंबर १९३६, टेक्सासमध्ये एका हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं, एक माणूस एक गिटार, त्यानंतर दोन वर्षांत तो २७ व्या वर्षी गेला. मामा डोळे मिटून ऐकत होता, बोटं मांडीवर. तो चौरस्त्यावर गुडघे टेकतो आणि देवाची करुणा भाकतो, ती ओळ आली आणि मामाने डोळे उघडले.

"बॉब म्हणाला का तो?"

हो म्हटलं. बिचाऱ्या बॉबला वाचव रे देवा, असं म्हणतोय. रॉबर्टचं बॉब. स्वतःच.

"अगं, मग ही मुद्रा आहे."

गुरुवारच्या भजनाला मी लहानपणापासून बसत आलेय. रूपाच्या अभंगाने सुरुवात, शेवटी बाप रखुमादेवीवर आलं की सगळ्यांना कळतं की ज्ञानोबा. मग तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. त्या शब्दाला मामा पेटीवरचा हात एक क्षण उचलतो आणि कपाळाला लावून परत सुरावर आणतो, कितीही घाईत असला तरी. चोखोबांना देवळात घेतलं नाही, पण त्यांचं नाव गाण्यातच विणलेलं होतं, ते कोणाला काढता आलं नाही, ज्याला अभंग गायचाय त्याला चोखा म्हणे म्हणावंच लागतं. जनाबाईचं तेच.

"क्रीमचं लाव आता," मामा म्हणाला.

लावलं. १९६८ ची लाइव्ह रेकॉर्डिंग, क्लॅप्टनची गिटार पातेल्यात नुसती खणखणत होती. मामा ताठ बसला, एक बोट वर करून, भजनात समेची वाट बघतात तसा. चौरस्ता आला. गुडघे टेकले. देवाची करुणा आली. आणि क्लॅप्टन म्हणाला, मला वाचव.

मामाचं बोट वरच राहिलं. पुढे एका कडव्यात मित्राचं नाव येतं, विली ब्राउन, जॉन्सनने घातलेलं, ते क्लॅप्टनने तसंच ठेवलंय. "विली आला," मामा म्हणाला. "बॉब नाही आला."

मग त्याने चष्मा लावला, खोक्यातून तो एलपी काढला, खिडकीपाशी नेऊन लेबल तिरकं धरलं आणि गाण्याच्या पुढचा कंस वाचला. जॉन्सन. दोनदा वाचला. रेकॉर्ड परत कागदात घातली, कव्हरमध्ये घातली, टेम्पोत जायच्या सामानात नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"पहिलं परत लाव," म्हणाला.

मी लावलं. बॉबची ओळ आली तेव्हा मामाचा हात मांडीवरून उठला आणि कपाळाला लागला.